ट्यूब आणि ट्रान्झिस्टर एकाच डब्यात: कामाचं की मिरवायचं?

खर्जातला
माइक प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारा डबा, घ्यायचा म्हटलं की "हायब्रिड घे, दोन्हींचा फायदा" हा सल्ला हमखास मिळतो. हायब्रिड म्हणजे जुन्या धाटणीची काचेची ट्यूब आणि ट्रान्झिस्टर दोन्ही असलेला. माझं मत: स्वस्तातला हायब्रिड घेऊच नये. सिग्नल मोठा करायचं खरं काम त्यात ऑपअँपच (ट्रान्झिस्टरची चिप) करतो, ट्यूब मागून चिकटवलेली. १२एएक्स७ या नेहमीच्या ट्यूबच्या डेटाशीटमध्ये आकडे दिलेत ते प्लेटवर (ट्यूबच्या आतल्या पत्र्यावर) १०० आणि २५० व्होल्ट धरून. या डब्यांत तिला बऱ्याचदा पन्नासच्याही खाली उपाशी ठेवतात. ती सिग्नल लवकर चेपते आणि त्या चेपण्यालाच 'वॉर्म्थ' म्हणून विकतात. काहींत तर ट्यूबमागे नारिंगी एलईडी असतो, तापलेली दिसावी म्हणून! विजेची समईच ती.

किनारीचा_ना
स्वस्तातल्यांबद्दल वाद नाही, पण सगळे हायब्रिड एका माळेत ओवू नका. युनिव्हर्सल ऑडिओच्या ७१० मध्ये ट्यूब आणि ट्रान्झिस्टर असे दोन समांतर मार्ग आहेत, ब्लेंडचा नॉब फिरवून हवं तेवढं मिसळा. मिलेनियाच्या ऑरिजिनमध्ये तर ट्यूब की ट्रान्झिस्टर हे बटणावर ठरतं. तबल्याला मी पूर्ण ट्रान्झिस्टरकडे ठेवतो, 'ना' या बोलाची किनार बोथट झाली की ठेकाच ढासळतो. गायकाला मध्याच्या जरा पुढे, ट्यूबकडे.

कोमल_गंधार
गायकाला ट्यूब ठीक, पण गायकाच्याच माइकमध्ये तानपुरा येत असेल तर? ट्यूबचा सेकंड हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर) 'गोड' म्हणतात, कारण तो वरचा सा. पण ट्यूबच्या ज्या वक्रतेने (सिग्नल सरळ प्रमाणात न वाढवण्याने) तो तयार होतो तीच दोन सुरांच्या कंपनांची बेरीज-वजाबाकीही करते. सा आणि प म्हणजे २:३. वजाबाकी १, म्हणजे खालचा सा, उत्तम. बेरीज ५, म्हणजे शुद्ध गंधार! भीमपलास चालू आहे, त्यात गंधार कोमल, आणि तुमचा प्रीअँप शुद्ध गंधार लावतोय.

किनारीचा_ना
अहो, तो गंधार तानपुऱ्यात आधीपासूनच आहे. साच्या तारेचा पाचवा हार्मोनिक दुसरं काय असतो? जवारी नीट लागली की तो स्वच्छ ऐकू येतो आणि तरीही भीमपलास होतोच.

कोमल_गंधार
तो तारेचा गंधार, दोन सप्तकं वर, तारेबरोबर विरणारा. हा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवाल तसा वाढणारा, एकच सप्तक वर, गायकाच्या कोमल गंधाराच्या कितीतरी जवळ. मालकंसात तानपुरा मध्यमाचा, सा आणि म म्हणजे ३:४, बेरीज ७. तो सूर तर आपल्या कोमल गंधाराच्याही खाली पडतो, धड इकडचा ना तिकडचा. ट्यूबवरचा ड्राइव्ह (ताण) कमी ठेवलात तर ऐकू येणार नाही, मान्य. पण मग ट्यूबचे पैसे कशाला मोजले?

सोल्डरची_वाफ
दुरुस्ती करणाऱ्याचे दोन शब्द. ट्यूब जुनी झाली की मायक्रोफोनिक होऊ शकते, म्हणजे धक्केही आवाज म्हणून पकडते. हेडफोन लावून, गेन चढवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने तिला हलकेच टिचकी मारा. नुसतं 'टक' आलं तर चालेल, 'टिंऽऽग' रेंगाळला तर बदला. दुसरं, १५० ओमच्या माइकचा स्वतःचाच नॉइज साधारण -१३१ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक). चांगला ट्रान्झिस्टर त्याच्या दोन-तीन डीबी जवळ सहज पोचतो, ट्यूबला त्यासाठी आधी, इनपुटवर, दर्जेदार ट्रान्सफॉर्मर लागतो आणि खरा पैसा तिथे जातो. रिबन माइकला (पातळ धातूपट्टीचा, फार क्षीण सिग्नल देणारा) साठ डीबीच्या वर गेन द्यावा लागतो, तिथे स्वस्त डब्याचं पितळ उघडं पडतं.

खर्जातला
म्हणजे माझाच मुद्दा. ट्यूबचा रंग हवा असेल तर ती माइकमध्ये असलेली बरी. नॉयमानच्या यू ४७ आणि यू ६७ मध्ये होतीच. प्रीअँप स्वच्छ ठेवा, रंग मिक्सच्या वेळी प्लगइनने (सॉफ्टवेअरने) चढवा. आवडला नाही तर काढता येतो.

किनारीचा_ना
काढता येतो म्हणूनच तो निर्णय कधी होत नाही! गायकाला हेडफोनमध्ये भरीव आवाज मिळाला तर तो गातोही वेगळं, प्लगइन टेकनंतर येतं. बाकी, तानपुऱ्याला वेगळा माइक लावा आणि त्या चॅनेलला ट्रान्झिस्टर. कोमल_गंधार, मग तरी चालेल?

कोमल_गंधार
चालेल. पण एकाच खोलीत बसवणार असाल तर गायकाच्या माइकमध्ये तानपुरा किती येतो ते आधी मोजा.