शब्दचर्चा : पापणी, खोबण, घर्मग्रंथी आणि 'प्रायमरी'

नारायणपेठकरीण :
मामांच्या पापणीची बायॉप्सी झाली. रिपोर्टमधलं निदान असं : 'प्रायमरी सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा ऑफ आयलिड, स्वेट ग्लँड ओरिजिन, विथ ऑर्बिटल एक्स्टेन्शन'. मामी आणि आजोळची मंडळी मराठीच वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी पानभर टिपण करतेय. उपचारांचं डॉक्टर बघताहेत, त्याबद्दल सल्ला नको. शब्द हवेत. घाईचं कारण सांगते. मामींनी दवाखान्यात 'प्रायमरी' ऐकलं आणि वडगावपासून चाकणपर्यंत सगळ्यांना फोन केले की प्राथमिक अवस्थेतच सापडलं हो, काळजी नको.

शब्दवेडा :
कोशात बघितलंत तर प्रायमरीला 'प्राथमिक' हाच शब्द मिळेल. ऑर्बिट म्हणजे नेत्रकोटर. स्वेट ग्लँड म्हणजे घर्मग्रंथी किंवा स्वेदग्रंथी. झालं की.

लॅबवाली :
झालं नाही हो दादा, तिथूनच सुरू होतं. मी पॅथॉलॉजीत काम करते. 'प्राथमिक' वाचून दहातले नऊ नातेवाईक मामींसारखाच अर्थ काढतात. त्यांचं चुकत नाही, कारण मराठीत प्राथमिक म्हणजे सुरुवातीचं, पहिल्या पायरीवरचं : प्राथमिक शाळा, प्राथमिक उपचार, प्राथमिक फेरी. रिपोर्टमधल्या प्रायमरीचा रोग किती पुढे गेलाय याच्याशी काही संबंध नाही. रोग *कुठला*, एवढंच तो शब्द सांगतो. पुण्यात हे समजावणं सोपं आहे : हा कॅन्सर मूळचा पापणीचाच आहे, बाहेरगावाहून येऊन इथे स्थायिक झालेला नाही. म्हणून 'मूळचा' लिहा. याच्या उलट शब्द हवा असेल तर 'पसरून आलेला'.

आणि या रोगात हा शब्द फार मोलाचा आहे. या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जशा दिसतात, हुबेहूब तशाच जठराच्या किंवा स्तनाच्या काही कॅन्सरमध्येही दिसतात, आणि ते कॅन्सर कधी कधी पापणीत जाऊन बसतात. नुसत्या दिसण्यावरून 'इथलाच' म्हणता येत नाही. विशेष रंगचाचण्या करायच्या, जठराची दुर्बिणीतून तपासणी, पेट स्कॅन, बायकांमध्ये मॅमोग्राफी. कुठेच काही नाही निघालं की मग 'मूळचा पापणीचा' असं ठरतं. स्तनाच्या आणि घामाच्या ग्रंथी जवळच्या नात्यातल्या असल्यामुळे रंगचाचण्यांतही त्या दोघी एकमेकींसारख्या वागतात, त्यामुळे ही शोधाशोध टळत नाही.

नारायणपेठकरीण :
म्हणजे मामांची एंडोस्कोपी त्यासाठी होती! घरात सगळे विचारत होते, डोळ्याच्या दुखण्याला पोटात नळी कशाला. हे टिपणात घालतेच.

लॅबवाली :
घालाच. आणि मामींना हेही हळूच सांगावं लागेल की रोग किती पुढे गेलाय ते त्याच ओळीत शेवटी आहे. ऑर्बिटल एक्स्टेन्शन म्हणजे पापणी ओलांडून डोळ्यामागच्या भागात शिरलाय. 'प्राथमिक' आणि हे, दोन्ही एका वाक्यात ठेवलंत तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

वैद्यकाका :
पापणीबद्दल थोडं. मराठीत पापणी म्हणजे झाकण आणि त्यावरचे केस, दोन्ही. 'पापणी लवली' म्हणतो तेव्हा झाकण, 'लांबसडक पापण्या' म्हणतो तेव्हा केस. या रोगात दोन्हींचा उल्लेख येणार, कारण गाठीपाशी पापणीचे केस झडणं ही डॉक्टरांना सावध करणारी खूण आहे. संस्कृतात गोंधळ नाही : वर्त्म म्हणजे झाकण, पक्ष्म म्हणजे केस. सुश्रुतांनी डोळ्यांचे ७६ रोग मोजलेत, त्यांतले २१ एकट्या वर्त्माचे. अंजननामिका म्हणजे आपली रांजणवाडी, लगण म्हणजे न दुखणारी टणक गाठ, आणि वर्त्मार्बुदही त्याच यादीत आहे. तेव्हा 'वर्त्म' पुन्हा वापरात आणायला काय हरकत आहे?

शनवारातला :
काका, नमस्कार. वर्त्म म्हणजे रस्तासुद्धा ना? चाकणच्या मंडळींना वाटेल मामांना रस्त्यात काहीतरी झालं.

वैद्यकाका :
दोन्ही अर्थ आहेत खरे. बरं, पापणी आणि पापणीचे केस असं लिहा. 'पातं'ही चालतं. डोळ्याचं पातं म्हणजे फक्त झाकण, तिथे केसांचा घोळ नाही. मला तर तोच शब्द सगळ्यांत नेमका वाटतो, पण हल्ली तो 'पातं लवतं न लवतं तोच' एवढ्यापुरताच उरलाय.

नारायणपेठकरीण :
रांजणवाडी निघालीच आहे तर : मामांनाही बरेच महिने रांजणवाडीच वाटत होती. गरम शेक, मलम. मग मधूनमधून पापणी सुजलेली.

लॅबवाली :
या आजाराचं रूपच तसं आहे. रांजणवाडी लाल होते, ठणकते, पिकते, आठवडा-दोन आठवड्यांत जाते. हा ठणकत नाही. गाठही नीट हाताला लागत नाही, पापणी नुसती जाड आणि कडक होत जाते. वरची आणि खालची अशा दोन्ही पापण्या भरून आल्या तर डोळ्याभोवती गोल कडं दिसतं, म्हणून त्याला एकडोळी चष्म्याचं नावही आहे, 'मोनॉकल ट्यूमर'. जास्त करून उतारवयातल्या पुरुषांना होतो, आणि फार दुर्मीळ आहे. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी किंवा एकाच डोळ्यात रेंगाळणारी 'रांजणवाडी' तुकडा काढून तपासावी, एवढं टिपणात असू दे. वाचणाऱ्यांतल्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

शब्दवेडा :
घर्मग्रंथी की स्वेदग्रंथी, यावर कुणी बोललंच नाही. संस्कृतात घर्म म्हणजे मुळात उष्णता, घामाला स्वेद. काटेकोर राहायचं तर स्वेदग्रंथी.

शनवारातला :
पण घर्मचाच घाम झाला ना आपल्याकडे? मग मराठीत घर्म म्हणजे घाम. शाळेच्या पुस्तकापासून घर्मग्रंथी ऐकतोय. टिपणात तर मी सरळ 'घामाच्या ग्रंथी' लिहीन.

वैद्यकाका :
तसंच ग्रंथी आणि गाठ यांचं. गाठ ही ग्रंथीचीच लेक. मराठीत गंमत अशी की शरीरातल्या निरोगी अवयवाला संस्कृत नाव, ग्रंथी. आणि तिथे रोग झाला की मराठी नाव, गाठ.

लॅबवाली :
त्यात तिसरीही आहे काका. कानापुढे आणि जबड्याखाली ज्या लसीकाग्रंथी असतात, त्या सुजल्या की लोक त्यांनाही गाठीच म्हणतात. हा रोग आधी तिथेच पसरतो, म्हणून डॉक्टर तिथे चाचपून बघतात. 'गाठ वाढली' असं कुणी फोनवर सांगितलं तर पापणीतली की कानापुढची ते विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वैद्यकाका :
कानापुढच्या गाठीला अवधाण म्हणा. काखेत, जांघेत येतं तेच. आजोळी हा शब्द अजून जिवंत असणार.

नारायणपेठकरीण :
आहे! आजी म्हणायची. घेतला.

पण पापणीत घामाच्या ग्रंथी असतात हेच मला नवं आहे. डोळ्यात घाम जातो तो कपाळावरचा ना?

लॅबवाली :
तो कपाळावरचाच. पण पापणीच्या कातडीतही घामाच्या छोट्या ग्रंथी असतात, शिवाय केसांच्या मुळाशी वेगळ्या प्रकारच्या असतात, त्यांना मोलच्या ग्रंथी म्हणतात. याकोब आंतोन मोल या डच डॉक्टरांनी १८५७ साली त्यांचं वर्णन केलं. (मोल लिहा, मॉल नको. पुण्यात मॉलच्या नावाने लगेच पार्किंगची चर्चा सुरू होईल.) पापणीत तेलाच्या ग्रंथीही असतात आणि आपल्याकडे पापणीच्या कॅन्सरमध्ये त्यांचा बराच आढळतो. मामांचा तो नव्हे. नातेवाईक इंटरनेटवर शोधायला लागले की नेमका तोच त्यांच्यासमोर येतो, म्हणून 'घामाच्या' हा शब्द टिपणात ठळक करा.

शब्दवेडा :
सिग्नेट रिंगला मुद्रिका बरोबर आहे ना?

शनवारातला :
मुद्रिका म्हटलं की मारुती आणि अशोकवन. शिक्क्याची अंगठी म्हणा. पेशव्यांच्या गावात शिक्कामोर्तब कळत नाही असा माणूस नाही.

लॅबवाली :
दिसतंही तसंच. पेशीत चिकट बुळबुळीत द्रव साठतो आणि केंद्रक एका कडेला ढकललं जातं, अंगठीवरच्या शिक्क्यासारखं. रिपोर्टशी जुळवून बघता यावं म्हणून 'सिग्नेट रिंग' हे नाव तसंच ठेवा, पुढे एक ओळ खुलासा. जास्त नको, मामींना त्याचं काही करायचं नाहीये.

नारायणपेठकरीण :
नेत्रकोटर?

वैद्यकाका :
कोटर म्हणजे झाडाची ढोली. शब्द सुंदर, पण खोबण म्हणा. सात हाडांनी बनलेली डोळ्याची खोबण. 'खाच' मात्र टाळा. 'डोळ्यांच्या खाचा झाल्या' म्हणजे दृष्टी गेली, आजारी माणसाच्या घरात तो शब्द नको.

लॅबवाली :
आणि 'पडदा' टाळा. पापणी आणि खोबण यांच्यामध्ये एक पातळ थर असतो, काही जण त्याचं भाषांतर पडदा करतात. पुण्यातल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात पडदा म्हणजे डोळ्यामागचा पडदा, जो सरकला की तातडीने ऑपरेशन. घोळ होईल.

वैद्यकाका :
पडदी म्हणा. दोन खोल्यांमधली बारीक भिंत.

नारायणपेठकरीण :
छान. आता अवघड शब्द. डॉक्टर 'एक्झेंटरेशन'बद्दल बोललेत. मामी 'डोळा काढणार' एवढंच म्हणतात.

लॅबवाली :
तीन वेगळी ऑपरेशन्स आहेत आणि मराठीत तिन्हींना 'डोळा काढणं' म्हणतात. एकात बुबुळाच्या आतलं काढतात, बाहेरचं पांढरं कवच ठेवतात. दुसऱ्यात अख्खा नेत्रगोल. तिसऱ्यात, म्हणजे यात, नेत्रगोल, भोवतीचे स्नायू, चरबी, बहुतेक वेळा पापण्यासुद्धा. 'खोबण रिकामी करणं' हेच त्याचं खरं वर्णन.

शनवारातला :
'बुबुळाच्या आतलं' नको ताई, 'डोळ्याच्या गोळ्याच्या आतलं'. बुबुळ म्हणजे काळा गोल.

लॅबवाली :
बरोबर, तसंच लिहा. हे ऑपरेशन मात्र मामींना कागदावरून कळू नये. आधी डॉक्टरांनी समोर बसून सांगावं, मग टिपण द्या. ते सगळ्यांना लागतंच असंही नाही. रोग पापणीपुरता असेल तर कडेची थोडी निरोगी कातडी घेऊन कापतात, आणि कडा तिथल्या तिथे गोठवून तपासत जातात.

नारायणपेठकरीण :
शनिवारी डॉक्टरांची वेळ आहे, मामींना घेऊनच जाते. पहिली ओळ अशी केलीय : 'मामांच्या पापणीत घामाच्या ग्रंथींचा कॅन्सर आहे. तो मूळचा पापणीचाच आहे, शरीरात दुसरीकडून आलेला नाही. पण तो आता डोळ्याच्या खोबणीत शिरला आहे.' एक राहिलं : ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये 'मार्जिन्स फ्री' येतं, त्याला काय म्हणायचं? कडा मोकळ्या?

शब्दवेडा :
कडा निर्दोष.

लॅबवाली :
'कापलेल्या भागाच्या कडेपर्यंत कॅन्सर पोचलेला नाही.' लांब आहे, पण परत फोन करून विचारावं लागत नाही.