मदत हवी आहे : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उठवावे कसे?
नमस्कार. मी जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या माझी ड्यूटी पुरुष सर्जिकल वॉर्डात आहे. नाडी, रक्तदाब, ड्रेनमधील (शस्त्रक्रियेच्या जागेतील द्रव बाहेर काढणाऱ्या नळीतील) स्राव, ताशी लघवी (वजनाच्या दर किलोमागे किमान ०.५ मिली) या नोंदी जमतात, अडते ते पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी रुग्णाला खोकायला लावताना आणि खाटेवरून उठवताना. टाक्यांवर उशी दाबून धरायला शिकवले, तरी वेदनेच्या भीतीने तो श्वास वरवरच घेतो आणि नातेवाईक तर, टाके तुटतील म्हणून, हातच लावू देत नाहीत. न्यूमोनियाचा किंवा पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका सांगूनही त्यांना पटत नाही. वेदनाशामक दिल्यानंतर किती वेळाने उठवावे, आणि उभे राहताच चक्कर आली तर ड्रेन व सलाईन सांभाळत रुग्णाला कसे सावरावे, हे अनुभवी सिस्टर-ब्रदर मंडळींनी कृपया सांगावे.