स्कोफील्ड बायबलवरचा लेख: वचन आणि टीप वेगळी कशी ठेवायची?

नगरकर

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर 'स्कोफील्ड रेफरन्स बायबल' (अमेरिकन पाळक स्कोफील्ड यांच्या टीपांसह १९०९ साली निघालेलं इंग्रजी बायबल) या लेखावर काम करतोय. माझी संपादनं पुन्हा पुन्हा उलटवली जातायत, म्हणून इथे विचारतो.

वाद बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायावरून आहे. एका सदस्याने वाक्य घातलंय: 'शेवटच्या काळात रशिया इस्राएलवर चालून येईल असे बायबल सांगते.' त्या अध्यायात उत्तरेकडून चालून येणारा गोग आहे, त्याचा देश मागोग आहे, मेशेख आणि तुबाल आहेत. रशिया कुठेही नाही. तो येतो पानाच्या तळाशी, स्कोफील्ड यांच्या टीपेत. मेशेख आणि तुबाल म्हणजे मॉस्को आणि टोबोल्स्क, असं ते तिथे लिहितात, आणि उत्तरेकडची ही सत्ता रशियाच यावर सर्वांचं एकमत आहे असंही म्हणतात. मी वाक्याच्या सुरुवातीला 'स्कोफील्ड यांच्या टीपेनुसार' असं घातलं. ते काढलं गेलं, आणि चर्चा पानावर उत्तर आलं की मी देवाच्या वचनाला माणसाचं मत ठरवतोय.

मी स्वतः विश्वासी आहे. आमचे जुने पाळकसाहेब इंग्रजी स्कोफील्ड उघडूनच उपदेशाची तयारी करायचे. त्यांच्या शिकवणीतलं बरंच काही त्या टीपांतून आलेलं होतं, आणि मला ते आजही मोलाचं वाटतं. म्हणूनच हे मनाला लागतं. पवित्र शास्त्राचा मान राखायचा तर त्यात नसलेलं त्याच्या तोंडी घालता कामा नये.

दुसरी अडचण नेमकी उलट बाजूची. आणखी कुणीतरी स्कोफील्ड यांच्या 'चरित्रा'चा विभाग जोडलाय आणि तो निम्म्या लेखाएवढा आहे. १८७३ साली कॅन्ससमधलं सरकारी वकीलपद सोडणं, १८८३ चा घटस्फोट, नावापुढच्या 'डी. डी.' या धर्मशास्त्राच्या पदवीचा पुरावा न मिळणं. पुस्तकावरच्या लेखात यातलं किती ठेवावं?

चावडीवाला

यहेज्केलबाबत तुमची बाजू बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. 'टीपेनुसार' लिहून खाली त्या टीपेचाच संदर्भ दिला, तर उद्या कुणीही म्हणेल की हे तुमचं वाचन. पॉल बॉयर यांनी १९९२ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या भविष्यवाणीच्या परंपरेचा इतिहास लिहिलाय, गोग आणि रशियाचा विषय त्यात आहे. तो संदर्भ जोडा. पुढच्या वाक्यात द्या की बरेच अभ्यासक मेशेख-तुबालचा संबंध अश्शूरी लेखांतल्या मुश्की आणि ताबाल यांच्याशी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या प्रदेशाशी लावतात. 'स्कोफील्ड चुकले' हे लेखाने म्हणू नये. दोन्ही मतं ज्याची त्याच्या नावावर ठेवा, वाचक बघून घेईल.

लेख मी आत्ता वाचला. त्यात १९०९, १९१७ आणि १९६७ च्या आवृत्त्या एकमेकींत मिसळल्यात, आणि मला हे रशियापेक्षा गंभीर वाटतं. बायबलमधल्या घटनांची सालं १९१७ च्या आवृत्तीत आली. सतराव्या शतकातले आर्चबिशप अशर यांनी काढलेलं इ.स.पू. ४००४ हे निर्मितीचं साल त्यातलंच. लेख ते १९०९ च्या नावावर टाकतो. शिवाय त्यावरून 'स्कोफील्ड पृथ्वीचे वय सहा हजार वर्षे मानत' असा निष्कर्षही काढलाय. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावरची टीप बघा. पहिली निर्मिती कालगणनेपलीकडच्या भूतकाळात झाली आणि भूगर्भशास्त्राच्या सगळ्या युगांना तिथे जागा आहे, असं ते स्वतः सांगतात. म्हणजे ४००४ हा आकडा त्यांच्या लेखी पृथ्वीचा जन्म ठरत नाही. तो निष्कर्ष काढून टाका.

चरित्राचं म्हणाल तर स्वतंत्र लेख करा, इथे दोन परिच्छेद पुरेत. ट्रंबुल यांचं १९२० चं चरित्र स्नेह्याने लिहिलेलं आहे आणि कॅनफिल्ड यांचं १९८८ चं कडव्या टीकाकाराने, त्यामुळे एकट्याच्या भरवशावर काही लिहू नका. ज्याचा या पुस्तकाशी संबंध आहे ते मात्र राहू दे: १८७९ च्या सुमारास सेंट लुईसमध्ये ख्रिस्ती विश्वासाकडे झालेलं परिवर्तन, डॅलसमधली पाळकी, १८८८ ची छोटी पुस्तिका. डार्बी या एकोणिसाव्या शतकातल्या धर्मशिक्षकांची शिकवण त्यांच्यापर्यंत कशी आली, हे त्याशिवाय वाचकाला कळणार नाही.

जुनी_पानं

लेखात पानाची मांडणी कुठेच नाही याचं मला फार आश्चर्य वाटलं. मजकूर किंग जेम्सचा (पहिल्या जेम्स राजाने करवून घेतलेल्या इंग्रजी भाषांतराचा), दोन रकाने, मधल्या पट्टीत संदर्भ, मध्ये मध्ये संपादकाने घातलेली शीर्षकं आणि तळाशी टीपा. वचन वाचता वाचता डोळा आपोआप खाली जातो. तुमचा वाद जन्मतो तो इथेच.

यामागे मोठा इतिहास आहे, तो द्याच. १५६० च्या जिनिव्हा बायबलमध्ये समासात टीपा होत्या. इब्री सुइणींनी मिसरच्या राजाची आज्ञा मोडली ते योग्यच होतं, असं सुचवणारी निर्गम १:१९ वरची टीप पहिल्या जेम्स राजाला खटकली होती. त्याच्या भाषांतरकारांना नियम मिळाला की हिब्रू-ग्रीक शब्दांच्या खुलाशापलीकडे समासात टीप घालायची नाही. १८०४ साली स्थापन झालेली ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीही टीपांशिवायच बायबल वाटायची. टीपांची बायबलं मधल्या काळातही निघत होती, पण ज्या मजकुरातून टीपा मुद्दाम वगळल्या त्याच्याच खाली १९०९ साली एका माणसाची इतकी सुसंगत शिकवण छापली गेली, आणि तीही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या नावाने.

१९०९ च्या मुखपृष्ठाचं चित्र खुशाल चढवा, प्रताधिकार संपलाय. १९६७ चं नको. ती आवृत्ती समितीने सुधारलेली आहे, किंग जेम्समधले काही शब्दही त्यात बदललेत.

सातवा_काळ

नगरकरांची दुरुस्ती काढणाऱ्या सदस्याच्या बाजूचा मी आहे, तरी 'टीपेनुसार' मला मान्य आहे. माझी हरकत वेगळी आहे. स्कोफील्ड बायबलमधला इतिहास सात काळांत विभागतात, लेखात त्या सात काळांना मिळून एक ओळ आणि टीकेला चार परिच्छेद! निर्दोषता, विवेक, मानवी शासन, वचनदान, नियमशास्त्र, कृपा, राज्य. प्रत्येक काळात देव माणसाची परीक्षा कशी घेतो आणि माणूस कसा अपुरा पडतो, हे त्या शिकवणीचं हृदय आहे. ते मानणाऱ्याला पटेल असं आधी मांडा, मग टीका लिहा. आणि जिथे तिथे 'दावा करतात' लिहिलंय तिथे 'म्हणतात' करा.

नगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सातवा_काळ, तुमची हरकत मला शंभर टक्के पटली. सात काळांचा विभाग आज रात्री धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या कच्च्या मसुद्याच्या पानावर) नव्याने लिहितो, तुम्ही तो आधी वाचावा अशी विनंती. 'दावा' सगळीकडून काढतो. प्रत्येक विधानापुढे आवृत्तीचं साल घालतो.

यहेज्केलचं वाक्य चर्चा पानावर असं ठेवलंय: '१९०९ च्या आवृत्तीत स्कोफील्ड यांनी यहेज्केल ३८ वरील टीपेत मेशेख व तुबाल यांचा संबंध मॉस्को व टोबोल्स्क यांच्याशी जोडला, मूळ अध्यायात रशियाचे नाव नाही.' स्वल्पविरामानंतरचा भाग बॉयर यांचा संदर्भ हाती आल्यावरच लेखात घालू, की आत्ताच?

चावडीवाला

आत्ताच घाला. अध्यायात नाव नाही हे कुणालाही उघडून बघता येतं, त्याला अध्यायाचाच संदर्भ पुरतो. बॉयर पहिल्या भागाला लागतील.