मदत हवी आहे: लोणच्याच्या बरणीवरील बारकोड दुकानात वाचला जात नाही

मिरजकरीण
नमस्कार. आम्ही चौघी जावा मिळून लोणची करतो आणि बरणीवरची स्टिकर घरीच छापतो. कोल्हापुरातील एका मोठ्या दुकानाने मागच्या आठवड्यात साठ बरण्या परत पाठवल्या, कारण काउंटरवरच्या स्कॅनरला आमचा बारकोड वाचता येत नाही. माझ्या मोबाइलवर तोच बारकोड पहिल्या प्रयत्नात वाचला जातो, त्यामुळे दोष दुकानाच्या यंत्रात असावा असे मला वाटते. परंतु दुकानदार ऐकून घेत नाहीत. सोमवारी पुढचा माल द्यायचा आहे. दुसरा कोणता प्रिंटर घ्यावा, हे कृपया लवकर सांगावे.

शाईवेडा
ताई, सरळ हातात धरायचा इंकजेट घ्या आणि स्टिकरचा व्याप बंद करा. या तंत्रामागची गोष्ट मला फार आवडते. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंगची कांडी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा तयार करायचा आणि त्याच्या दाबाने थेंब बाहेर फेकायचा, ही कल्पना त्यातून पुढे आली. आज त्याच तत्त्वावर चालणारी, ६०० डीपीआयची, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके छापणारी, काडतुसे बाजारात सहज मिळतात. मी माझ्या मसाल्याच्या खोक्यांवर तीन वर्षे याच पद्धतीने छापतो आहे.

लेबलवाले काका
प्रिंटर बदलण्याआधी थोडी माहिती द्यावी. प्रिंटर थेट उष्णतेने कागद काळा करणारा आहे की रिबनचा, म्हणजे पट्टीवरचा रंग उष्णतेने कागदावर उतरवणारा? २०३ डीपीआय की ३००? स्टिकरची रुंदी किती मिलिमीटर? बारकोड प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून तयार केला आहे की कोणी चित्र करून दिले आहे? छापलेल्या स्टिकरवर कोठे उभी पांढरी रेघ दिसते का? प्रिंटहेडवरचा, म्हणजे छापणाऱ्या तापत्या पट्टीवरचा, एखादा बिंदू जळाला, तर कागद सरकण्याच्या दिशेने तशी रेघ सलग उमटत जाते.

मिरजकरीण
रिबनचा आहे, काळी रिबन लावतो. पांढरी रेघ कोठेही नाही आणि छपाई अगदी ठसठशीत येते. मला फक्त चांगल्या प्रिंटरचे नाव हवे होते. स्टिकर लाल रंगाचे आहे, त्याचा काही संबंध असेल का?

ऑफसेटप्रेमी
संबंध आहेच. लालावर काळे कोणत्या यंत्राला दिसेल? चांगल्या छापखान्यातून पांढऱ्या कागदावर पाच हजार स्टिकर ऑफसेटवर छापून घ्या, म्हणजे हा प्रश्नच राहणार नाही. घरगुती यंत्रांवर कोणाचेही भले झालेले मी पाहिलेले नाही.

लेबलवाले काका
ऑफसेटची छपाई उत्तम होते, हे मला मान्य आहे. पण रंगाबद्दलचे आपले विधान बरोबर नाही. काउंटरवरचे बहुतेक स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात. त्या प्रकाशात लाल पार्श्वभूमी पांढऱ्यासारखी उजळ दिसते आणि काळ्या रेघा काळ्याच राहतात. रेघा लाल असत्या, तर त्या नाहीशा झाल्या असत्या. ताईंनी माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे अजून दिलेली नाहीत, आणि खरे उत्तर मला तेथेच दिसते आहे.

नियमावली
आपण बारकोडचा क्रमांक अधिकृतपणे घेतला आहे का? ८९० ने सुरू होणारे क्रमांक जीएस१ इंडियाकडून मिळतात. अनेकांचा समज असतो की ८९० म्हणजे वस्तू भारतात तयार झाली. प्रत्यक्षात तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मिरजकरीण
क्रमांक रीतसर घेतलेला आहे. तो माझा प्रश्न नव्हता. काका, प्रिंटरच्या खाली २०३ डीपीआय असे लिहिले आहे. स्टिकर ३८ बाय २५ मिलिमीटर. बारकोडचे चित्र लेबलच्या डिझायनरने दिले होते. ते मोठे होते, म्हणून ओढून साधारण ३६ मिलिमीटरमध्ये बसवले.

लेबलवाले काका
आता उलगडा झाला. किरकोळ विक्रीचा तेरा अंकी बारकोड दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसह ११३ समान भागांचा असतो. ३६ ला ११३ ने भागले, तर एक भाग सुमारे ०.३२ मिलिमीटरचा होतो. आपल्या प्रिंटरचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा आहे, म्हणजे एका भागाला अडीच ठिपके लागतात. अर्धा ठिपका छापता येत नाही, म्हणून प्रिंटर काही रेघा दोन ठिपक्यांच्या आणि काही तीन ठिपक्यांच्या छापतो; म्हणजे ज्या रेघा सारख्या असायला हव्यात, त्यांतली एक दुसरीच्या दीडपट होते. मोबाइलचे सॉफ्टवेअर अशी चूक सांभाळून घेते, काउंटरवरचा स्कॅनर सांभाळून घेईलच असे नाही. खात्री करायची असेल तर भिंग घेऊन अगदी डावीकडच्या दोन लांब रेघा पाहाव्यात; नियमाप्रमाणे त्या दोन्ही एकाच जाडीच्या असतात.

उपाय प्रिंटर बदलण्याचा नाही. दोन ठिपके धरले तर ०.२५ मिलिमीटर होतात आणि किमान मर्यादा ०.२६४ आहे. तीन ठिपके धरले तर ०.३७५, म्हणजे एकूण रुंदी ४२.४ मिलिमीटर, आणि ती ३८ च्या स्टिकरवर मावत नाही. ५० मिलिमीटरचा रोल आणावा, चित्र काढून टाकावे आणि बारकोड प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकून, पातळ रेघ तीन ठिपक्यांची ठेवून तयार करावा.

शाईवेडा
एवढी गणिते करण्यापेक्षा ६०० डीपीआयचा इंकजेट सोपा नाही का?

लेबलवाले काका
आपल्या काडतुसाच्या छपाईची उंची १२.७ मिलिमीटर असते. प्रमाण आकाराच्या या बारकोडच्या रेघा जवळजवळ २३ मिलिमीटर उंच असतात. खोक्यावर तारीख आणि बॅच छापायला आपले यंत्र योग्य आहे. येथे प्रश्न बारकोडचा आहे.

बाटलीवाला
तारखेचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या पाण्याच्या कारखान्यात शाईची सलग धार सोडणारे यंत्र आहे. धारेचे थेंब होतात, त्यांना विद्युतभार दिला जातो, भारित थेंब वळून बाटलीवर पडतात आणि उरलेली शाई परत टाकीत जाते. स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी १९६० च्या दशकात थेंब वळवण्याची ही रीत सिद्ध केली. ओल्या बाटलीवरही आमची तारीख पुसली जात नाही.

मिरजकरीण
काका, भिंगातून पाहिले. डावीकडच्या दोन रेघांपैकी दुसरी स्पष्ट जाड आहे. सहा महिने रोज पाहत होतो, पण कोणाच्याही लक्षात आले नाही. सांगलीहून ५० मिलिमीटरचा रोल आणला आणि वीस स्टिकर छापून दुकानात नेली. वीसही वाचली गेली. मात्र छपाई करताना उजवीकडचा मजकूर उमटत नाही, आणि तेलाचा हात लागला की अक्षरे पुसटतात.

लेबलवाले काका
आपली रिबन ४० मिलिमीटरची असणार. रिबन नेहमी स्टिकरपेक्षा थोडी रुंद हवी. नाहीतर उघडा राहिलेला कागद प्रिंटहेडवर थेट घासतो. ६० मिलिमीटरची घ्यावी, आणि तेलाचा संबंध आहे म्हणून निव्वळ मेणाची न घेता मेण आणि रेझिनच्या मिश्रणाची घ्यावी. रोल बदलल्यावर दोन स्टिकरांमधली फट ओळखणारा सेन्सर पुन्हा जुळवून घ्यावा. उरलेली रिबन आणि ३८ चे स्टिकर वजन-किमतीच्या छोट्या लेबलांसाठी वापरता येतील.

मिरजकरीण
६० ची मिश्र रिबन मिरजेत मिळाली नाही, सोमवारपर्यंत मेणाचीच लावते. बरण्यांवर स्टिकर लावण्याआधी हात पुसायला दोघींना बसवले आहे.