ओल्ड गोवा : आईसोबत से कॅथेड्रल बघायचं आहे, नाशिकहून जाणार, अर्धा दिवस पुरेल का?

गंगापूररोडकर
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई (वय ७०) आणि मी, असे दोघंच गोव्याला जातोय. मुक्काम पणजीत. समुद्रापेक्षा आईला जुनी चर्च बघायची हौस जास्त. नाशिकरोडच्या बाळ येशूला ती फेब्रुवारीच्या यात्रेत नेमाने जाते, त्यामुळे चर्च तिला नवं नाही, पण ओल्ड गोव्याचा अंदाज नाही. प्रश्न असे :
१) से कॅथेड्रल आणि बॉम जेझू एकच का वेगळी? संत फ्रान्सिस झेवियरचं शव नेमकं कुठे आहे?
२) गुडघ्यांचा त्रास आहे. चढउतार किती?
३) आत वागण्याचे काही नियम?
४) ट्रेनने जावं की बसने?
टूरवाल्यांच्या 'साउथ गोवा दर्शन'मध्ये हे एका तासात उरकतात असं ऐकलं. तेवढं पुरतं का?

जांभा_दगड
वेगळी आहेत. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे असल्याने सगळ्यांचा गोंधळ होतो. बॉम जेझू हे बॅसिलिका, झेवियरचं शव तिथे. से कॅथेड्रल हे गोव्याच्या आर्चबिशपचं मुख्य चर्च, संत कॅथरीनच्या नावाचं. पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० साली गोवा जिंकलं तो २५ नोव्हेंबर म्हणजे कॅथरीनचा सण, म्हणून हे नाव. शव दर दहा वर्षांनी काही आठवडे कॅथेड्रलमध्ये दर्शनाला आणतात. मागचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं झालं. म्हणजे तुमच्या वेळी ते बॉम जेझूमध्येच, आणि पेटी बरीच उंचावर. आईंना आधीच कल्पना द्या. जवळून चेहरा दिसेल अशी अपेक्षा घेऊन आलेली माणसं हिरमुसतात. घरात छोटी दुर्बीण असेल तर घ्या.

एका तासात दोन्ही 'होतात', पण बघून होत नाहीत. सकाळचे तीन तास धरा. क्रम मात्र टूरवाल्यांच्या उलटा ठेवा : आधी कॅथेड्रल, मग बॉम जेझू. सहलीच्या बसगाड्या आधी बॉम जेझूवर रिकाम्या होतात, तेवढ्यात कॅथेड्रल निवांत मिळतं. दुसरं कारण उजेडाचं. कॅथेड्रलचं तोंड पूर्वेला, त्यामुळे दर्शनी भिंतीवर सकाळचं ऊन पडतं. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते. बॉम जेझूचं तोंड पश्चिमेला, त्याचे फोटो तिसऱ्या प्रहरी चांगले येतात.

कॅथेड्रलसमोर उभं राहिलात की उजवीकडे काहीतरी कमी वाटेल. दोन बुरूज होते, त्यातला एक १७७६ मध्ये कोसळला, परत बांधला नाही. डावीकडच्या बुरुजात 'सुवर्णघंटा' आहे, गोव्यातली सर्वांत मोठी. बांधकाम १५६२ ला सुरू झालं, मुख्य इमारत १६१९ ला पुरी झाली, आतल्या वेद्यांना आणखी तीसेक वर्षं लागली. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५. आत शिरल्यावर लगेच पुढे चालू लागू नका. दाराशी मिनिटभर थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. बाहेरच्या उन्हातून आलेल्या वयस्क माणसाचा तोल इथेच जातो.

मग सरळ मोठ्या वेदीकडे. सोन्याच्या मुलाम्याच्या लाकडी कोरीव कामात कॅथरीनच्या आयुष्यातले आणि हौतात्म्याचे प्रसंग चौकटींमध्ये आहेत. ते ओळखू आले तर दहा मिनिटं आरामात जातात, नाहीतर नुसतं सोनं दिसतं. म्हणून गोष्ट आधी वाचून ठेवा : सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पंडित बसवले, तिने त्यांनाच पटवलं, चाकावर मारायचं ठरलं तर चाक मोडलं, शेवटी शिरच्छेद. चाक आणि तलवार दिसली की कॅथरीन. दोन्ही बाजूंना छोटी चॅपेल आहेत, त्यात चमत्कारी क्रुसाचं चॅपेल चुकवू नका. दाराजवळ जुना बाप्तिस्म्याचा दगडी हौदही आहे, लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात.

द्वारका_सर्कल
गुडघेदुखी असेल तर माझं मत वेगळं : कॅथेड्रल बाहेरून बघा आणि सगळा वेळ बॉम जेझूला द्या. युनेस्कोची यादी, संगमरवरी समाधी, चांदीची पेटी, सगळं तिथे. कॅथेड्रल मोठं आहे एवढंच.

जांभा_दगड
@द्वारका_सर्कल, युनेस्कोच्या १९८६ च्या यादीत ओल्ड गोव्याची चर्च आणि मठ एकत्र आहेत, त्यात कॅथेड्रलही आलंच. आणि गुडघ्यांच्या दृष्टीने कॅथेड्रल उलट सोयीचं. दारापुढे थोड्या पायऱ्या, आत सपाट फरशी, बसायला बाकांच्या रांगा आणि गर्दी कमी. बॉम जेझूमध्ये समाधीच्या चॅपेलपाशी लोक थांबून राहतात, तिथे उभं राहणं जास्त होतं.

समाधीबद्दल मात्र सहमत. ती वेदीकडे तोंड केलं की उजव्या हाताला. खालचा संगमरवरी भाग इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोने पाठवला, शिल्पकार फोजिनी, १६९८ मध्ये इथे बसवला. वरची चांदीची पेटी त्याहून जुनी, १७ व्या शतकाच्या पूर्वार्धातली, आणि ती गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली. इटालियन संगमरवराचं कौतुक सगळे गाइड करतात, पेटीचं काम बघायला सांगत नाहीत.

रामकुंड_ते_रायबंदर
आता वागणुकीचं. नाशिकचे लोक दोन गोष्टींत हमखास अडखळतात.

पहिली, चपला. इथे काढायच्या नाहीत. पायरीवर चपला सोडून अनवाणी आत गेलात तर कोणी रागावणार नाही, पण बाहेर येईपर्यंत फरशी तापलेली असते. दुसरी आणि जास्त महत्त्वाची : मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना शेवटी लोक रांगेत वेदीकडे जाऊन पांढरी चकती घेतात. तो आपल्यासारखा प्रसाद नाही. बाप्तिस्मा झालेल्या आणि तयारी केलेल्या कॅथलिकांनाच ते देतात. भाविक मनाने रांगेत उभं राहणाऱ्या आजी-मावश्या असतात आणि मग पाद्रीबाबांची पंचाईत होते. आई बाळ येशूला जातात म्हणजे त्यांना कदाचित ठाऊक असेल, तरी सांगून ठेवा. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहणं चालतं, फक्त मधल्या वाटेने फिरायचं नाही आणि फोटो नाहीत.

कपडे : खांदे आणि गुडघे झाकलेले. साडी, सलवार-कमीज, फुल पँट, कशालाच हरकत नाही. पुरुषांनी टोपी काढायची. बाहेर ऊन म्हणून घातलेली क्रिकेटची टोपी लोक विसरतात. हार-नारळ नेऊ नका. मेणबत्ती लावायची असेल तर जिथे जागा ठरवलेली असते तिथेच. आत वेदीपुढे लावू नका, चारशे वर्षांचं लाकूड आणि सोन्याचा मुलामा आहे, काजळी धरते. बॉम जेझूबाहेर विक्रेते मेणबत्त्या आणि मेणाचे हातपाय हातात कोंबतात. ते नवसासाठी असतात : गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय. घ्यायचं नसेल तर हातात घेऊच नका, एकदा धरलं की पैसे मागतात.

फोटो : फ्लॅश नको. आत माणसांनी पोझ देऊन फोटो काढू नये अशा पाट्या आहेत, पाळा.

वेळ : बॉम जेझू पर्यटकांसाठी साधारण ९ ते संध्याकाळी ६.३०. रविवारी सकाळी मिस्सा असतात म्हणून साडेदहापर्यंत थांबावं लागतं. रविवार टाळाच. दोन्हीकडे प्रवेश फुकट, तिकीट मागणारा भेटला तर तो चर्चचा नाही.

३ डिसेंबरला झेवियरचा सण, त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना. त्या दिवसांत पार्किंगपासूनच लांब चालावं लागतं. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात जाताय ते योग्य. फक्त ८ डिसेंबर टाळा, तो मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेचा सण.

मनमाड_जंक्शन
ट्रेनचं मी सांगतो. नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस सरळ कोकण रेल्वेने मडगावला जाते, गाडी बदलावी लागत नाही. दुसरा पर्याय मनमाडहून गोवा एक्स्प्रेस, पण ती नगर-पुणे-मिरज-लोंढा अशी घाटातून फिरून जाते, वेळ जास्त.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. एक बारकावा : ज्येष्ठांच्या लोअर बर्थ कोट्यात तिकीट काढताना त्या तिकिटावर ज्येष्ठ व्यक्ती एकटी किंवा दोघंही पात्र असावे लागतात. आई ७० आणि तुम्ही चाळिशीचे असाल तर एकाच तिकिटावर तो कोटा लागत नाही. मग एकतर आईचं तिकीट वेगळं काढा, नाहीतर साध्या कोट्यात 'लोअर बर्थ' पसंती टाका. वेगळं काढलं तर डबा वेगळा येऊ शकतो, तो धोका आहे. मी तरी एकत्र काढून पसंतीवर भरवसा ठेवीन. गाडीची वेळ मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख दोनदा तपासा. रात्री बारानंतर दिवस बदलतो हे विसरून लोक आदल्या रात्रीच स्टेशनवर जाऊन बसतात, किंवा त्याहून वाईट, एक दिवस उशिरा.

ओल्ड गोव्याला सगळ्यात जवळचं स्टेशन करमळी, दोन-तीन किलोमीटर. पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, आणि तुमचा मुक्काम पणजीत आहे, तेव्हा मडगावला उतरा. मडगाव बसस्थानकावरून पणजीला कदंबाची (गोव्याची एसटी) विनाथांबा बस मिळते, तासाभराचा प्रवास.

गंगापूररोडकर
खूप आभार सगळ्यांचे. पणजीहून ओल्ड गोव्याला कसं जायचं? दिवसभर टॅक्सी ठेवावी का? आणि म्युझियम, पडका मनोरा वगैरे?

रामकुंड_ते_रायबंदर
दहा किलोमीटरसाठी दिवसाची टॅक्सी कशाला? पणजी बसस्थानकातून ओल्ड गोव्याच्या बस सतत सुटतात, फोंड्याच्या बसही तिथूनच जातात. अर्ध्या तासात पोचता, आणि रायबंदरचा रस्ता मांडवीच्या कडेने जातो. आईंना बसची पायरी चढणं अवघड असेल तर सकाळी फक्त जाताना गाडी करा. गोव्यात ॲपवाल्या गाड्या मर्यादित, गोवामाइल्स चालतं. रस्त्यावरची टॅक्सी घेतली तर बसण्याआधी जायचे, थांबायचे आणि यायचे असे तिन्हीचे पैसे एकत्र ठरवा. 'वेटिंग' नंतर वेगळं लावतात, वाद तिथेच होतो.

जांभा_दगड
म्युझियम कॅथेड्रलच्या मागेच आहे, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या मठात, पुरातत्त्व खात्याचं. शुक्रवारी बंद. व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि वीरगळ एकाच छताखाली आहेत, आईंचा उत्साह टिकला तर जा. शेजारचं फ्रान्सिसचं चर्च बघाच. त्याच्या दाराची काळी दगडी चौकट आधीच्या, १५२१ च्या चर्चची आहे.

संत ऑगस्टिनचा पडका मनोरा टेकडीवर आहे, चालत चढू नका. गाडीने वर जाता येतं, पण अवशेषांची जमीन उंचसखल आहे. नुसता दुरून दिसतो तोही पुरे. त्याऐवजी व्हाइसरॉयच्या कमानीजवळचं संत कायेतानचं चर्च घ्या. रोमच्या सेंट पीटरच्या नमुन्यावर बांधलेलं, घुमटाखाली गारवा, माणसं मोजकी.

दगडाचं एक सांगून ठेवतो, काळारामाचा काळा पाषाण बघून मोठे झालेल्यांना ते दिसायला हवं. ओल्ड गोव्याचं बहुतेक बांधकाम जांभ्याचं. जांभा भोकाभोकांचा, पाणी पितो, म्हणून वर चुन्याचा गिलावा देतात. कॅथेड्रल पांढरं दिसतं ते त्यामुळे. बॉम जेझूचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला. लाल दगड फोटोत देखणा दिसतो, पण तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात तो झिजतोय. आता दर्शनी भिंतीकडे नीट बघा : जांभ्यात मध्येच करड्या-काळ्या दगडाचे खांब आणि नक्षी आहे. तो बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा, वसईकडून जहाजाने आणलेला, कारण जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही.

द्वारका_सर्कल
वसईवरून आठवलं, नारोशंकराची घंटाही तिकडचीच ना? मग गोव्याची घंटा बघायला गोव्यालाच कशाला जायचं :)

जांभा_दगड
हो, नारोशंकराच्या म्हणजे नाशिकच्या रामेश्वराच्या देवळावरची ती मोठी घंटा पोर्तुगिजांकडची, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आपल्याकडे आली असंच मानतात. आईंना आधी गोदाकाठी ती दाखवा. कॅथेड्रलच्या बुरुजात पर्यटकांना वर सोडत नाहीत, सुवर्णघंटा खालूनच बघावी लागते.

गंगापूररोडकर
ठरलं. मंगळवारी सकाळी ९ ला कॅथेड्रल, मग बॉम जेझू, उत्साह असेल तर म्युझियम. बॉम जेझूचे पश्चिमेच्या उन्हातले फोटो मात्र राहतील.

रामकुंड_ते_रायबंदर
राहू द्या. दुपारी आईंना पणजीत झोपू द्या. पाण्याची बाटली आणि छत्री पिशवीत ठेवा, दोन चर्चमधला रस्ता ओलांडताना पुरेशी सावली नाही आणि गाड्या वेगाने येतात.