दोन इंच बर्फ आणि बफेलोची घमेंड

लालमाती:
थंडीच्या धाग्यावर सरोवरकाठ यांनी लिहिलंय, "दोन इंच बर्फात अख्खं अटलांटा ठप्प. न्यूयॉर्क राज्यातल्या आमच्या बफेलोत तेवढ्यात मुलं शाळेत जातात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्यांना गाडीच चालवता येत नाही." दर हिवाळ्यात हेच ऐकून डोकं फिरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

28 जानेवारी 2014 ला जॉर्जिया राज्यातल्या आमच्या अटलांटात बर्फ पडला जेमतेम अडीच इंच. घोळ झाला तो वेळेचा. दुपारी शाळा आणि ऑफिसं एकदमच सुटली, सगळ्या गाड्या एकाच वेळी हायवेवर आल्या. तापमान शून्याखाली. चाकाखाली दाबलेला बर्फ जरासा वितळतो, लगेच गोठतो आणि रस्त्याची काच होते. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारे ट्रक त्याच कोंडीत अडकले. मिठाचं पाणी, साधारण 23 टक्क्यांचं, बर्फ पडायच्या आधी कोरड्या रस्त्यावर मारायचं असतं. मग बर्फ डांबराला धरत नाही. काच झाल्यावर वरून मीठ टाकलं तर तासन् तास जातात. शेकडो मुलांनी रात्र शाळेत काढली, ती कुणाला गाडी येत नव्हती म्हणून नव्हे.

सरोवरकाठ:
वेळ चुकली, मान्य. पण टायरचं काय? ऑल-सीझन, म्हणजे बारमाही टायरचं रबर 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं. वर "आमची फोर व्हील ड्राइव्ह आहे" म्हणायचं. ती गाडी सुटायला मदत करते, थांबायला नाही. डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले, म्हणजे हिवाळी टायर चारही चाकांना हवेत. पुढे दोनच बसवले तर वळणावर मागची बाजू फिरते. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च त्यांची सक्ती आहे, उगाच नाही.

लालमाती:
वर्षातून एखाद्या दिवसासाठी टायरचा दुसरा सेट? तोही जॉर्जियाच्या उन्हात झिजवायचा? आणि सवयीचंच म्हणाल, तर डिसेंबर 2022 च्या हिमवादळात तुमच्या बफेलो परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली. गाडी चालवण्यावर बंदी घातली तेव्हा सकाळी लोक कामाला निघालेले होते. ॲम्ब्युलन्सही रुतल्या. तिथेही वेळच चुकली ना?

सरोवरकाठ:
ते वादळ वेगळं होतं. पण बंदी उशिरा आली, हे खरं आहे. त्यावर मी वाद घालणार नाही.

देवदार:
सिमला-कुलूकडे बर्फ न पडणं हे संकट. रॉयल सफरचंदाला 7 अंशांखालचे हजार-बाराशे तास लागतात, आणि डोंगरावरचा बर्फ हेच उन्हाळ्यातलं पाणी. पण तोच बर्फ काश्मीरमध्ये नोव्हेंबर 2018 आणि 2019 मध्ये झाडावर पानं असताना पडला. पानांवर ओला बर्फ साचला आणि फांद्या खोडापासून चिरल्या. इंच मोजून काही कळत नाही, महिना बघा.

तिसरा मजला:
खरी घमेंड बघायची तर बॉस्टनमध्ये बघा. रस्त्याकडेची गाडी बर्फातून उकरली की त्या जागेवर खुर्ची ठेवून मालकी सांगायची. रस्ता सगळ्यांचा आहे!

सरोवरकाठ:
खुर्चीला नावं ठेवण्याआधी हिशोब करा. अडीच बाय सहा मीटरची जागा, 40 सेंटिमीटर बर्फ: सहा घनमीटर. अगदी हलका धरला तरी 600 किलो. त्यावर प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी, कडेला जो बांध टाकतो, तो ओला आणि दगडासारखा. आधी एक्झॉस्टचं तोंड मोकळं करायचं, नाहीतर इंजिन चालू असताना कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. मग टप, मग चाकं, शेवटी बांध. एवढं केल्यावर जागा दुसऱ्याने घ्यायची?

तिसरा मजला:
मेहनत मान्य, मालकी अमान्य. रात्रपाळीहून येणाऱ्या नर्सने काय करायचं? प्रत्येक जागेवर खुर्ची. आणि खुर्ची हलवली की टायर फाडतात, हे कुठल्या न्यायात बसतं?

लालमाती:
बॉस्टनने बर्फाची आणीबाणी उठल्यानंतर 48 तास खुर्ची ठेवायची मुभा दिलीय. तिथल्याच साउथ एंड या वस्तीने 2015 मध्ये तीही नाकारली. त्याच हिवाळ्यात तिथे 108 इंचांवर बर्फ पडला होता, म्हणजे तिथल्यांना बर्फ कळत नाही असं कुणी म्हणू नये.

सरोवरकाठ:
साउथ एंडच्या गल्ल्या अरुंद, भाडेकरू सतत बदलते. तिथे खुर्ची चालणार नाही, हे समजू शकतो. पण 48 तास हा नियम योग्यच आहे.

तिसरा मजला:
योग्य? मग 49 व्या तासाला खुर्ची स्वतः उचलणारा एक तरी दाखवा. शेवटी कचऱ्याची गाडीच उचलते.

सरोवरकाठ:
टायर फाडणारा गुन्हेगारच, त्यात दुमत नाही. खुर्चीवरचं माझं मत बदललेलं नाही. आणि लालमाती, "गाडीच चालवता येत नाही" हे वाक्य मी काढून टाकतो. टायरचं मात्र राहू देतो.

लालमाती:
राहू द्या. पण त्याशेजारी मिठाच्या पाण्याचंही लिहा, आणि ते आदल्या रात्री मारायचं, हेही.