शब्दचर्चा : 'डिसेबल'ला अक्षम म्हणावं, निष्क्रिय की नुसतं 'बंद'?

शाहूपुरीकर
कोल्हापुरात पेठेतल्या एका वाचनालयात सहा संगणक आहेत. चारांवर विंडोज ११, दोन मॅक. भिंतीवर लावायला एक पानी मराठी पत्रक करायचं आहे. विषय एवढाच, की संगणकासोबतच आलेलं आणि लॉगिन केल्याबरोबर आपोआप उठून बसणारं गाण्यांचं स्ट्रीमिंग 'डिसेबल' कसं करायचं. खर्ड्यात "अंगभूत संगीत सेवा अक्षम करा" असं लिहिलं. खर्डा तपासून आला तेव्हा शेजारी पेन्सिलीनं शेरा होता, "अक्षम म्हणजे नालायक ना? सेवेला नालायक कसं करायचं?" शेरा बिनतोड आहे. निष्क्रिय चालेल का?

दसरा चौक
निष्क्रिय नको. बँकेत दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. ते आपसूक होतं, कुणी करत नाही. तुम्हाला मुद्दाम केलेली कृती सांगायची आहे, तेव्हा 'अक्षम करा' हेच बरोबर. क्षम् धातूचा अर्थ सहन करणे, झेपणे, समर्थ असणे. 'नालायक' ही छटा 'अक्षम अधिकारी' वगैरे बातम्यांनी चिकटवली, त्यात शब्दाचा काय दोष?

बिनखांबी
मग त्याचा जोडीदार 'सक्षम' तरी कुठं शुद्ध आहे? 'स' लागतो नामाला. सफल, सजल, सचित्र. क्षम हे आधीच विशेषण. नाम शोधायला गेलात तर हाताशी 'क्षमा' येते, आणि मग 'सेवा सक्षम करा' म्हणजे सेवेला क्षमाशील करा. शिवाय 'अक्षम्य' शेजारीच बसलंय. घाईत वाचणारा "संगीत सेवा अक्षम्य" असं वाचून पुढं जाईल, आणि काही गाण्यांच्या बाबतीत ते खरंही असेल.

दसरा चौक
सक्षम रूढ झाला. महिला सक्षमीकरण आता कुणाला खटकत नाही.

बिनखांबी
म्हणजे सक्षमला रूढीची सवलत आणि डिसेबलला नाही? तालमीतलं पोरगंसुद्धा "ते डिसेबल कर की" म्हणतंय.

यंत्रावळ
शब्द ठरवायच्या आधी तो कशाला लावायचा ते बघा. एकट्या विंडोजमध्येच 'डिसेबल' दोन वेगळ्या अर्थांनी येतो.

पहिला अर्थ टास्क मॅनेजरमधला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, डावीकडं 'स्टार्टअप ॲप्स' उघडा, स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपच्या ओळीवर राइट क्लिक करून 'डिसेबल' निवडा. याचा अर्थ एवढाच, की लॉगिन झाल्यावर आपणहून उठू नकोस. चिन्हावर क्लिक केलं की ते उठणार, गाणी वाजवणार. कुठलीच क्षमता गेलेली नाही.

दुसरा अर्थ सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागं चालणाऱ्या कामांच्या, यादीतला. विंडोज कळ आणि आर दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' चालवा, एखादी सेवा उघडा. 'स्टार्टअप टाइप'मध्ये चार पर्याय दिसतात : ऑटोमॅटिक (डिलेड स्टार्ट), ऑटोमॅटिक, मॅन्युअल, डिसेबल्ड. इथं डिसेबल्ड म्हणजे कुणी उठवलं तरी उठायचं नाही. हातानं 'स्टार्ट' दाबलं तर एरर १०५८ येते. आणि गंमत म्हणजे चालू असलेली सेवा डिसेबल्ड केल्यानं थांबत नाही. 'स्टॉप' वेगळं दाबावं लागतं, नाहीतर रीस्टार्टपर्यंत ती चालूच राहते.

लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीत आणखी तिसरंच. तिथं 'डिसेबल' केलेली सेवा बूट होताना उठत नाही, पण दुसऱ्या सेवेला तिची गरज लागली की ती हिला उठवते. तेही नको असेल तर 'मास्क' करायचं. त्यात सेवेचं नाव थेट डेव्ह-नल या रिकाम्या जागेला जोडलं जातं, म्हणजे हाक मारली तरी पलीकडं कुणीच नाही.

इंग्रजीत शब्द एक, कामं तीन. तिन्हींना 'अक्षम' लावलंत तर इंग्रजीतला गोंधळ मराठीत जसाच्या तसा आला म्हणायचं.

रंकाळवेस
अक्षमपेक्षा धोक्याचा शब्द त्या वाक्यात दुसराच आहे, 'सेवा'. "संगीत सेवा अक्षम करा" वाचून माणूस यंत्रावळ यांनी सांगितलेली सर्व्हिसेसची यादी उघडतो. तिथं स्पॉटिफाय नसतं, कारण ते साधं ॲप आहे, विंडोजची सर्व्हिस नव्हे. आवाजाशी नातं सांगणारं नाव शोधत तो शेवटी 'विंडोज ऑडिओ'वर येतो आणि ती डिसेबल्ड करून टाकतो. रीस्टार्ट झाल्यावर गाणी तर जातातच, सगळा आवाज जातो. वाचनालय आहे म्हणून मुद्दाम सांगते, दृष्टिहीन वाचकांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही मुका होतो, आणि ज्याला तो लागतो त्याला काय बिघडलं हे कळायची वाटच उरत नाही.

असं झालं तर आधी 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' बघा. ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. मग 'विंडोज ऑडिओ'. क्रम हाच, कारण दुसरी पहिलीवर अवलंबून आहे.

तेव्हा पत्रकात 'सेवा' नकोच. 'गाण्यांचं ॲप' लिहा.

दसरा चौक
ॲप? उपयोजन म्हणा.

बिनखांबी
म्हणा तुम्ही. आम्ही ऐकतो.

सरी-वरंबा
सगळ्यांचं घोडं विशेषणावर अडलंय. मराठीत हे काम क्रियापद करतं, आणि आपण ते रोज बिनचूक वापरतो.

बंद करणे : आत्ता थांबवलं.
बंद ठेवणे : पुन्हा आपोआप चालू होऊ द्यायचं नाही.
बंद पडणे : आपलं आपण मोडलं.
बंद पाडणे : वर विंडोज ऑडिओचं झालं ते.
काढून टाकणे : मुळासकट गेलं.

उसाला पाणी पाजताना बघा. दारं धरणारा, म्हणजे सरीत पाणी सोडणारा, एका सरीत पाणी शेवटाला पोचलं की दारं मोडून पुढच्या सरीला वळवतो आणि मागच्या तोंडाला चिखलाचा गोळा थापतो. ती सरी बंद केली. पुढच्या पाळीला तोच गोळा खोऱ्यानं ओढला की पुन्हा चालू. पण ज्या सरीत पाणी जायलाच नको तिचं तोंड माती-दगड घालून टाचेनं चेपतात. ती बंद ठेवली. रात्रीच्या लाइटीला दारं धरणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

आणि ऑटोमॅटिक म्हणजे काय ते राधानगरीच्या धरणाला विचारा. सात स्वयंचलित दरवाजे. पाणी पातळीला आलं की आपसूक उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक सुटतं, पातळी उतरली की मिटतात. मिटलेला दरवाजा बंद आहे, पण कुणी बंद 'ठेवलेला' नाही. वरनं पाऊस लागला की उघडणार. टास्क मॅनेजरच्या यादीत स्पॉटिफाय आत्ता दिसत नाही म्हणून ते डिसेबल झालं असं समजणारा माणूस मिटलेला दरवाजा बघून नदीकाठी जनावरं बांधतोय.

पत्रकात लिहा, "आपोआप सुरू होणं बंद ठेवा."

यंत्रावळ
स्टार्टअपपुरतं 'बंद ठेवा' चपखल बसतं. एक भर घालतो, कारण 'बंद'चा अजून एक अर्थ आड येतो : खिडकी बंद करणे. स्पॉटिफायच्या कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी जाते, ॲप जाईलच असं नाही. त्याच्या सेटिंग्जमध्ये फुली दाबल्यावर ट्रेमध्ये जायचं असा पर्याय चालू असेल तर गाणं वाजतच राहतं. घड्याळाशेजारच्या बाणामागं चिन्ह दिसेल, त्यावर राइट क्लिक करून 'क्विट'.

त्याच सेटिंग्जमध्ये लॉगिननंतर स्पॉटिफाय आपोआप उघडायचं का, असा पर्याय आहे. तिथं 'नो' निवडा. 'मिनिमाइज्ड' निवडलंत तर ते उघडतंच, फक्त दिसत नाही. हे सगळं त्या-त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरतं असतं. वाचनालयात सभासदांचं आणि कर्मचाऱ्यांचं खातं वेगळं असेल तर दोन्हींत जाऊन करावं लागेल. एका खात्यात करून "झालं" म्हणणं ही इथली नेहमीची चूक.

ॲप अजिबातच नको असेल तर स्टार्ट मेनूतल्या चिन्हावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल. नव्या विंडोज ११ वर कधी कधी ते नुसतं चिन्हच असतं. ॲप उतरलेलंच नसतं, पहिल्या क्लिकला उतरतं. अशा वेळी 'अंगभूत' हाही शब्द खोटा ठरतो.

बिनखांबी
अंगभूतवर बोलायचंच होतं. अंगभूत गुण असतात. विकत घेतलेल्या संगणकात कुणीतरी आधीच भरून दिलेलं ॲप अंगभूत कसलं? ते 'सोबत आलेलं'. लग्नात नवरीसोबत पाठराखीण येते तसं.

दसरा चौक
पाठराखीण परत जाते.

बिनखांबी
म्हणूनच म्हटलं. अनइन्स्टॉल होतं.

दसरा चौक
सरी-वरंबा यांचा मुद्दा देखणा आहे, पण 'बंद' हा शब्द फारसी. मराठीत 'मालवणे' आहे, 'मिटवणे' आहे. दिवा मालवतो, डोळे मिटतो. या गावात तरी हे आठवावं. कवी माधव जूलियन राजाराम कॉलेजात होते. फारसीचे प्राध्यापक, फार्शी-मराठी कोश १९२५ साली त्यांनीच केला, आणि पुढं भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला. फारसी न कळणाऱ्याचा तो हट्ट नव्हता.

बिनखांबी
नेमकं उदाहरण काढलंत. फारसी बंद आणि संस्कृत बन्ध ही एकाच घरातली भावंडं. बांधणे, बंधारा, बंदोबस्त, कमरबंद. शुद्धीला बसलात तर अर्धं घर बाहेर काढावं लागेल. आणि विषय गाण्याचा आहे म्हणून सांगतो, 'बंदिश' त्याच 'बंद'मधली. अल्लादियाँ खाँसाहेब ज्या गावात गायले तिथं 'बंद' शब्द परका म्हणायचा असेल तर आधी गाण्याच्या देवल क्लबात जाऊन सांगून या.

दसरा चौक
बंदिश ठेवा, बंद काढा, इतकंच म्हणणं आहे.

रंकाळवेस
दोन मॅकचं राहिलं. तिथं 'बंद ठेवा' पुरत नाही, कारण म्युझिक हे ॲप काढताच येत नाही. कॅटालिना (२०१९) पासून ते नुसतं वाचता येणाऱ्या सिस्टिम व्हॉल्यूमवर असतं. तेव्हा तिथं तीन वेगळ्या गोष्टी आणि तीन वेगळी क्रियापदं.

लपवणे : म्युझिकच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल'खाली ॲपल म्युझिक दाखवायचं का, अशी चौकट आहे. तिची खूण काढली की स्ट्रीमिंगची पानं बाजूच्या यादीतून जातात. डिस्कवरची गाणी राहतात.

मज्जाव करणे : 'रिस्ट्रिक्शन्स'मध्ये 'डिसेबल' याच शीर्षकाची यादी आहे. हव्या त्या खुणा करायच्या आणि कुलूप लावायचं. मग ॲडमिनच्या पासवर्डशिवाय बदल होत नाही. कुलूप न लावता खुणा केल्या तर पुढचा बसणारा दोन मिनिटांत काढून टाकतो.

उठू न देणे : कीबोर्डवरची प्ले कळ. दुसरा प्लेअर उघडा नसेल तर त्या कळेनं म्युझिक उघडतं, वरची दोन्ही कामं केलेली असली तरी. त्यामागं आरसीडी नावाचा पडद्यामागं चालणारा एजंट असतो. टर्मिनलमधून लाँचसीटीएल या आज्ञेनं तो त्या खात्यापुरता डिसेबल करता येतो. भिंतीवरच्या पत्रकात हे लिहू नका, ज्याच्याकडं ॲडमिनचं खातं आहे त्याच्यासाठी वेगळ्या कागदावर द्या.

रिस्ट्रिक्शन्सला 'निर्बंध' लिहितात. मला 'मज्जाव' आवडतो. "आत येण्यास मज्जाव आहे" ही पाटी सगळ्यांनी वाचलेली असते.

दसरा चौक
निर्बंध काय वाईट आहे? त्यातही बंध आहेच, बिनखांबींना आवडेल.

शाहूपुरीकर
इतकं सगळं कळलं, पण मथळा अजून अडलाय. आत 'बंद ठेवा', 'लपवा', 'मज्जाव' असं वेगवेगळं लिहितो, 'सेवा' काढली. मोठ्या अक्षरात वर एकच शब्द हवा.

सरी-वरंबा
"गाण्यांच्या ॲपचा खटका पाडा." खटका म्हणजे स्विच, आमच्याकडं मोटरीच्या पेटीला आजी-आजोबा हाच शब्द लावायचे. वर केला की चालू, पाडला की बंद.

यंत्रावळ
पाडलेला खटका कुणीही वर करतो. आणि पेटीत ऑटो स्टार्टर असेल तर लाइट आल्यावर मोटर आपली आपण उठते, खटका पाडायला तुम्ही हजर असा नसा. तुमच्याच उदाहरणात 'स्टार्टअप टाइप : ऑटोमॅटिक' बसलाय.

बिनखांबी
खटका गाण्यातही आहे, मुरकीच्या शेजारी. "गाण्यांच्या ॲपचा खटका पाडा" म्हटल्यावर गवयाला वाटेल, त्याची जागा चुकली.

दसरा चौक
खटका 'खट' या आवाजावरून आला. अस्सल देशी आहे, माझी हरकत नाही. पण 'खटके उडाले' मधला खटका तोच का?

रंकाळवेस
तोच. इथं पहिल्या शेऱ्यापासून उडतायत.

बिनखांबी
सरी-वरंबा, एक विचारायचं राहिलं. तुम्ही 'दारं धरणं' म्हणता. सोलापूरकडं 'बारं देणं' ऐकलंय. एकच का दोन?

सरी-वरंबा
काम एकच, बोली वेगळी. आमच्यात दारं म्हणजे पाटातून सरीत शिरायचं तोंड, ते धरायचं आणि मोडायचं. तिकडं 'बारं' म्हणजे तोंड धरतात का पाण्याची पाळी, ते तिकडच्यानंच सांगावं. पाळी असेल तर 'बारी'शी नातं असणार. इथं सोलापूर भागातलं कोण आहे का?